उल्हासचं खोरं आणि राजमाची

मुंबईहून ट्रेनने पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात डावीकडची खिडकी सोडू नका. दरीपलीकडे दोन टोकं दिसतात, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्ही राजमाचीचेच बालेकिल्ले. मधली दरी उल्हास नदीची. ती कर्जत, बदलापूर, कल्याण करत सुमारे १२० किलोमीटर वाहून वसईच्या खाडीत जाते. आमच्या मानखुर्दला वाशीच्या पुलाखाली दिसणारी ठाण्याची खाडीसुद्धा वर ठाण्यापाशी एका चिंचोळ्या वाटेने तिला जोडलेली आहे.

मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'माची' म्हणजे बालेकिल्ल्याखालची रुंद सपाटी, हे मला तिथे उभं राहिल्यावरच समजलं. त्याच सपाटीवर उधेवाडी हे गाव आहे. पिठलं-भाकरी मिळते, आणि आपल्या मेसपेक्षा बरी मिळते (मेस कमिटीने राग मानू नये).

गड इथेच का? कल्याण हे जुनं बंदर. तिथला माल बोरघाटाने देशावर चढायचा. ज्याच्या हाती राजमाची, त्याची घाटावर नजर. वाट त्याहूनही जुनी. गडाच्या पायथ्याला कोंढाणे आणि घाटावर कार्ले, भाजे, ही दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी याच बाजूला आहेत. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला.

आता सिव्हिलवाल्यांसाठी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणजे अर्धी तटबंदी आयतीच! टाकं खोदायचं, निघालेला दगड भिंतीला वापरायचा. दगड घट्ट, म्हणून पाणी टिकतं.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी भिवपुरी. आंद्रा नदीचं पाणी खरं तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते ठोकरवाडीला अडवून सुमारे ५०० मीटर खाली सोडलं. १९२२ पासून तिथे वीज होते. मग ते उल्हासच्या खोऱ्यात येतं. उन्हाळ्यात नदीला पाणी दिसतं त्यात याचा मोठा वाटा आहे.

हॉस्टेलमध्ये जुलै आला की 'चलो कोंढाणे' सुरू होतं, म्हणून हे स्पष्टच लिहिते. २७ जुलै २०१९ ला याच उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसं गाडली गेली. तीव्र उतार, वर मातीचा थर, त्यात मुरलेलं पाणी. कोंढाण्याची चढण अशाच उतारावरून आणि ओढ्यांतून जाते. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, तर वर जोरात पाऊस झालाय असं समजा आणि लगेच उंचावर या. सेल्फी राहू दे.

जायचंच असेल तर ऑक्टोबरनंतर. मानखुर्दहून हार्बरने कुर्ला, तिथून कर्जत लोकल, पुढे कोंढाण्यापर्यंत रिक्षा. सकाळी लवकर निघा. चढण दमवते आणि वाटेत पाण्याची खात्री नाही, दोन-तीन लिटर सोबत ठेवा. ज्यांना चढण नको त्यांनी लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे यावं. रस्ता लांब आहे, पण बराचसा सपाट.