‘डिसइंटिग्रेशन’ : फुटणे की बदलणे?

‘डिसइंटिग्रेशन’ आणि ‘डिकॉम्पोझिशन’ हे इंग्रजी शब्द भूगोल व विज्ञानाच्या पुस्तकांत वारंवार भेटतात. मराठीत दोन्हींसाठी बरेचदा ‘विघटन’ हा एकच शब्द येतो आणि दोन्हींचा अर्थ एकच, अशी विद्यार्थ्यांची समजूत होते. हा फरक समजून घेण्यासाठी आपण जालना जिल्ह्यातील एखाद्या नव्या विहिरीच्या काठावर उभे राहू.

वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली टणक काळा खडक. हा खडक म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसाल्ट. माती त्याच्यापासूनच झाली. पण कशी?

गणितात पूर्णांकाला ‘इंटिजर’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अखंड’. त्याला ‘डिस’ हा उपसर्ग लागला की अखंडपणा मोडणे, सुटे होणे हा अर्थ येतो. खडकाच्या बाबतीत डिसइंटिग्रेशन म्हणजे तुकडे होणे. तापमानातील चढउतार आणि फटींत शिरणारी मुळे हे काम करतात. तुकडा कितीही लहान झाला तरी तो बेसाल्टच राहतो.

डिकॉम्पोझिशन म्हणजे अपघटन. यात पदार्थच बदलतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरोक्सिन या खनिजांवर क्रिया करते. कॅल्शियम, सोडियम यांचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि उरलेल्या घटकांपासून माँटमोरिलोनाइटसारखी चिकणमातीची खनिजे तयार होतात. पावसाळ्यात काळी जमीन फुगते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या या खनिजांमुळे. मुरूम ही मधली अवस्था. तिथे दोन्ही क्रिया चालू असतात.

पहिली क्रिया दुसरीला मदत करते. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी असते. त्याचे १ मिमी बाजूचे १,००० घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० चौ. सेंमी होते. पाण्याला क्रिया करायला दहापट जागा मिळते.

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. एका बरणीत खडी क्रशरवरची दगडाची भुकटी व दुसरीत काळी माती घेऊन पाणी घालावे, ढवळावे व थांबावे. भुकटीचा बराच भाग लवकर तळाशी बसतो. मातीचे पाणी मात्र बराच वेळ गढूळ राहते. मग दोन्हींचे ओले गोळे करून वाळवावेत. मातीच्या गोळ्याला भेगा पडतात; भुकटीचा गोळा बोटाने सहज भुगा होतो. दगड दळून माती मिळत नाही, हे मुलांना लगेच पटते.

शब्दाचा अर्थ मात्र विषयानुसार बदलतो. औषधाची गोळी पोटात ‘डिसइंटिग्रेट’ होते, म्हणजे तिचे फक्त कण सुटे होतात. औषध विरघळणे ही पुढची पायरी. अणुकेंद्राच्या बाबतीत उलट आहे. १९०८ साली रदरफर्ड यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मूलद्रव्यांच्या ‘डिसइंटिग्रेशन’वरील संशोधनासाठी. तेथे युरेनियमच्या केंद्रातून अल्फा कण बाहेर पडला की थोरियम उरते, मूलद्रव्यच बदलते.

म्हणून हा शब्द शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा : तुकडा पडल्यावर वस्तू तीच राहिली का? खडक फोडायला क्रशरला काही मिनिटे पुरतात. पण त्याची माती होण्यास हजारो वर्षे लागतात, आणि बांध नसलेल्या उतारावरून ती माती एका जोरदार पावसात वाहून जाऊ शकते.