प्लायवूड शिवून बांधलेली होडी

आपली आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. आज त्याच वसई-विरार परिसरात अंगणातही मासेमारीची छोटी होडी बांधता येते, आणि हे सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं!

6 मिमी प्लायचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाचायचे. सांध्यात इपॉक्सी आणि लाकडाच्या बारीक पुडीचं मिश्रण, त्यावर फायबरग्लासची पट्टी. ब्रिटनची 'मिरर' ही शिडाची होडी 1963 पासून अशीच तारेने टाचून लोकांनी घरी बांधली.

प्लाय आयएस 710 शिक्क्याचाच घ्या. त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. कापलेल्या कडा इपॉक्सीने नीट बंद करा, पाणी तिथूनच शिरतं.

खरा प्रश्न आपल्या हवेचा. दमट दिवसांत इपॉक्सीवर चिकट थर येतो, पुढचा हात धरत नाही. साध्या पाण्याने घासून धुवा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. मे महिन्यात मिश्रण मगातच तापून घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. माझ्या मते डिसेंबर-जानेवारी उत्तम. शेवटी रंग हवाच, उन्हात उघडं इपॉक्सी खराब होतं.

मासेमारीला उतरण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी-परवान्याची चौकशी करा, आणि लाइफ जॅकेटशिवाय खाडीतही जाऊ नका.