पोट दुखून राह्यलं, मॅडम

नागपुरात सदरकडून मानकापूरकडे निघालं की एक चौक लागतो. ऑटोवाले, भाजीवाले, पत्ता सांगणारे सगळे त्याला पागलखाना चौक म्हणतात. जवळच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीच्या जोडीनं राज्यातलं हे जुनं सरकारी मनोरुग्णालय. पाटीवरचा शब्द सभ्य आहे, जिभेवरचा जुनाच राहिला. घरात पोरानं फार दंगा केला की त्याला "तिकडंच भरती करावं लागते" असं ऐकायला मिळतं, म्हणजे मनाच्या दवाखान्याची पहिली ओळख धमकी म्हणून होते. त्यामुळे एखाद्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका पालकसभेत 'मुलांचं मानसिक आरोग्य' असे शब्द उच्चारतात, तेव्हा समोरच्या निम्म्या पालकांच्या डोळ्यांपुढे तोच चौक उभा राहतो. खरं तर बाई बोलत असतात ते दुसरीतल्या पोरांच्या पोटदुखीबद्दल.

"एवढ्याशा पोराले कसलं टेन्शन?"

समजा, दुसरीतला एक मुलगा आहे. परिपाठ संपतो, गणिताचा तास जवळ येतो आणि याचं पोट दुखायला लागतं. आईला फोन जातो. आई येते आणि वैतागून म्हणते, "घरी तं चांगला धावून राह्यला होता मॅडम. शाळेत आला की कसं दुखते? नाटकं करून राह्यला."

आईचा प्रश्न अगदी नेमका आहे, उत्तर तेवढं चुकलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलाकडे भीती, लाज, एकटेपणा यांसाठी पुरेसे शब्द नसतात, म्हणून ते काम त्याचं शरीर करतं. ताण आला की आतड्यांच्या हालचाली बदलतात, कळ येते आणि ती कळ खरी असते. मूल खोटं बोलत नाही. पण म्हणून लगेच 'मानसिक आहे' असा शिक्काही मारायचा नाही. आधी साधा डॉक्टर : जंत आहेत का, बद्धकोष्ठता आहे का. शाळेचं स्वच्छतागृह घाणेरडं असलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग पोटही दुखतं आणि लघवीला जळजळही होते. अशा वेळी मुलांच्या मनासाठी मुख्याध्यापकांनी करायची पहिली गोष्ट म्हणजे संडासाची कडी आणि नळ दुरुस्त करून घेणं. हे विनोदानं लिहिलेलं नाही.

शरीर तपासून झालं की मग वेळ बघायची. दुखणं कोणत्या वारी येतं, कोणत्या तासाला, कुणाशेजारी बसल्यावर? थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का? रोज दोनदा खिचडी मागणारं पोर ताट तसंच ठेवून उठतं का? बडबडी मुलगी आठवडाभर गप्प आहे का? एकेका लक्षणावरून काही ठरत नाही. पण कालचं मूल आज वेगळं वागत असेल, तर तो बदल टिपण्यासारखा असतो.

'लहान मुलांत असले त्रास नसतातच' या समजुतीमागे आकड्यांचीही एक गंमत आहे. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्सनं केलं. त्यात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. त्याहून लहान मुलांची मोजणी तिथे नव्हती, आणि ज्या बारा राज्यांत सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्रही नव्हता. म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाला त्या तक्त्यात जागाच नव्हती. दुसऱ्या टोकाला भाषणांतून 'निम्मे मानसिक विकार चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात' असं सर्रास सांगितलं जातं. तेही आता जुनं झालं. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून अलीकडे काढलेला अंदाज सांगतो की चौदापर्यंत साधारण एक तृतीयांश आणि अठरापर्यंत जवळपास निम्मे. घाबरवण्यासाठी आकडा फुगवायची गरज नाही, एक तृतीयांशही पुष्कळ झाले.

"समुपदेशक मिळाला की सुरू करू"

ही सबब सगळ्यात सोयीची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. समुपदेशकाचा उल्लेख नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते शाळांशी जोडण्याची भाषा आहे, पण काटोल-नरखेडकडच्या द्विशिक्षकी शाळेत तो माणूस पोचेपर्यंत आजची दुसरी दहावीला जाईल.

मग शिक्षकांनाच दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं का? इथे गोव्याच्या 'संगाथ' या संस्थेचं काम बघण्यासारखं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांचे तीन गट केले. एका गटात साध्या पदवीधर माणसाला शिकवून शाळेत नेमलं, दुसऱ्यात तेच काम शिक्षकाकडे दिलं, तिसऱ्यात नेहमीचाच कार्यक्रम ठेवला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटात शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या गटात फरक दिसला नाही.

प्रयोग नववीच्या मुलांवरचा आहे, तो जसाच्या तसा तिसरीला लावता येणार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी नागपूरच्या मुख्याध्यापकानं कागदावर लिहून ठेवाव्यात. एक, मानसशास्त्राची मोठी पदवी नसलेला माणूसही हे काम करू शकतो. दोन, त्या माणसाकडे वेळ हवा. शिकवणं, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, वर निवडणुकीचं काम या सगळ्यावर 'मुलांशी मोकळेपणी बोला' ही आणखी एक ओळ चढवली तर ती ओळ कागदावरच राहते. दोष शिक्षकाचा नसतो, वेळापत्रकाचा असतो, आणि वेळापत्रक मुख्याध्यापकाच्या हातात असतं.

म्हणून माझ्या मते प्राथमिक शाळेत या कामाचं नेतृत्व म्हणजे व्याख्यान आयोजित करणं नव्हे. कोण बघेल, कुणाला सांगेल आणि पुढे कुठे पाठवेल, एवढं ठरवून देणं. आठवड्यातून एका शिक्षिकेचे दोन तास मोकळे ठेवणं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विचारणं, कारण कोण जेवत नाही हे त्यांना वर्गशिक्षकाआधी कळतं. उन्हाळ्यानंतर, जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात, तेव्हा सुट्टीत कुणाच्या घरी मृत्यू झाला, कुणाचे वडील कामासाठी परगावी गेले, हे जुन्या वर्गशिक्षकानं नव्याला दहा मिनिटं बसून सांगणं.

नोंदींसाठी नवं रजिस्टरही नको. मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण वर्षानुवर्षं लिहितोच आहोत : 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक'. मोबाइलवर फिरणाऱ्या तयार वाक्यांच्या याद्यांतून त्या उतरवल्या जातात हे उघड गुपित आहे. त्याऐवजी 'सोमवारी रडत येतो' असं एक खरं वाक्य लिहिलं, तर ती वही पहिल्यांदाच कामाची ठरेल.

नागपूरपासून पाऊण-एकशे किलोमीटरवर, सेवाग्रामला 'आनंद निकेतन' ही नई तालीमच्या विचाराची शाळा २००५ पासून नव्यानं चालू आहे. शेती, सूतकताई, स्वयंपाक हा तिथे अभ्यासाचाच भाग. गणितात मागे पडणाऱ्याला वाफ्यात पुढे असण्याची संधी तिथे रोज मिळते. त्यासाठी वेगळा 'मनाचा तास' लागत नाही.

"आम्ही शनिवारी ध्यान घेतो की"

घ्या, जरूर घ्या. राज्य सरकारनं २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर केला, त्यात प्राणायाम, योग, ध्यान, नातेसंबंध असं बरंच काही आहे. पण त्याला औषध समजू नये. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर सजगतेच्या धड्यांचा मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या पद्धतीपेक्षा त्याचा फायदा झाला नाही, असं २०२२ मध्ये दिसून आलं. शनिवारी डोळे मिटून बसवायचं आणि सोमवारी पाढा चुकला म्हणून वर्गासमोर उभं करून हसायचं, यात सोमवारच जिंकतो.

"आम्ही नाही का मार खाल्ला? काही बिघडलं का आमचं?"

या वाक्यातला राग पन्नाशीतही ऐकू येतो, यावरून काय ते समजावं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, आणि ते १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. 'ढ', 'मठ्ठ' अशी हाकसुद्धा मानसिक छळच.

"लाडानं बिघडला" आणि "मठ्ठच आहे"

एका जागी न बसणाऱ्या मुलाच्या आईला आजी, शेजारी आणि शाळा तिघेही दोष देतात. अतिचंचलतेचा विकार मेंदूच्या वाढीशी निगडित आहे. वळण लावल्यानं तो सांभाळायला सोपा होतो, पण वळण न लावल्यानं तो जन्माला येत नाही. अध्ययन अक्षमतेचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, आणि मुलाचं वय आठ झालं किंवा ते तिसरीत गेलं की शिक्षकांनी तिची प्राथमिक चाळणी करावी, असं सरकारी मार्गदर्शन आहे. म्हणजे पहिलीत 'ब' आणि 'व' यांत गोंधळणाऱ्या पोराला लगेच नाव देऊ नका, आणि चौथीत तेच चालू असेल तर 'पुढे सुधारेल' म्हणून सोडूही नका.

इथे हाताशी असलेली एक व्यवस्था वाया जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात वाढीतले विलंब, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता हेही तपासायचं असतं. पण पथक आलं की आपण दात, डोळे आणि वजन एवढ्यासाठी रांग लावतो. वर्गशिक्षकानं आधीच चार नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहून ठेवली, तर त्या दिवसाचा उपयोग दुप्पट होईल.

"मी कुणाला सांगणार नाही, बाळा"

मूल काही सांगू बघतंय असं दिसलं की मायाळू शिक्षिका हे वचन पटकन देऊन टाकते. हे वचन देता येत नाही. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि अत्याचार हाताखालच्या माणसानं केलेला असेल तर न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'घरातली बाब आहे' किंवा 'शाळेचं नाव जाईल' ही कारणं कायद्यापुढे चालत नाहीत. मुलाला म्हणायचं ते असं : "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. तुला मदत करू शकतील त्यांनाच मी सांगीन." पुन्हापुन्हा खोदून विचारायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक कार्यालयातल्या फोनशेजारी चिकटवलेला असावा.

"एकदा दवाखान्यात नेलं की नाव लागलं"

आता पुन्हा त्या चौकाकडे. आईला पाठवायचं म्हणजे तिथेच असं नाही. आपण ज्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतो आणि ज्याला 'मेयो' म्हणतो, त्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. दात दुखला म्हणून गेलेल्यांच्याच गर्दीतून तिकडे जाता येतं. तेवढंही आधी नको वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. शिक्षकानं स्वतःसाठी लावला तरी चालतो, ही गोष्ट शाळेत कुणी मोठ्यानं सांगत नाही. मुलावर उपचार म्हणजे गोळ्याच, असंही नसतं. या वयात बहुतेकदा आईवडिलांशी बोलणं, खेळातून बोलणं आणि शाळेत दोन-चार बदल, इथूनच सुरुवात होते. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेला आहे.

तरी आई शेवटी उंबऱ्याशी थांबून विचारतेच, "मॅडम, दाखल्यावर तं नाही न येणार?"

नाही येणार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ यांचे रकाने आहेत. मनाच्या दुखण्याचा नाही. 'वर्तणूक' असा एक आहे, आणि त्यापुढे वर्षानुवर्षं जवळपास सगळ्या पोरांच्या नावाला 'चांगली' एवढंच लिहिलं जातं.