किती हात आणि किती दिवस काम?

नगर तालुक्यातले हिवरे बाजार सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते पाण्यामुळे. आज तेच गाव डोळ्यांपुढे ठेवून आपण अर्थशास्त्रातले दोन शब्द समजून घेऊ. एक, कार्यक्षम वयोगट आणि दुसरा, श्रमशक्ती सहभाग दर.

आपल्याकडे साधारणपणे १५ ते ५९ वर्षांची माणसे कार्यक्षम वयोगटात धरतात. ती सगळीच कामावर असतात असे नाही. कुणी शिकत असते, कुणी घर सांभाळते. जी काम करतात आणि जी कामाच्या शोधात असतात, त्यांची बेरीज म्हणजे श्रमशक्ती.

समजा, एका गावात या वयाची ६०० माणसे आहेत. त्यांतली ३४२ कामावर आहेत आणि १८ काम शोधत आहेत. श्रमशक्ती झाली ३६०, म्हणजे सहभाग दर ६० टक्के. बेरोजगारी मोजतात ती श्रमशक्तीवर, म्हणजे ३६० मागे १८, पाच टक्के. आता त्या अठरांपैकी नऊ जण कंटाळले आणि काम शोधायचेच सोडून घरी बसले. बेरोजगारी एकदम अडीच टक्क्यांच्या आसपास आली! काम मात्र एकालाही मिळालेले नाही. म्हणून हे दोन्ही आकडे नेहमी शेजारी ठेवून वाचावेत.

आणि तेच नऊ जण कायमचे गाव सोडून गेले तर? मग ते गावच्या हिशेबात कुठेच उरत नाहीत. गाव रिकामे होते आणि कागदावर मात्र बेरोजगारी कमी दिसते.

हिवरे बाजारच्या बाबतीत हीच मेख आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर जमीन होती, हात होते, पण पाणी नव्हते. खरिपाचे पीक हातचे जाई आणि माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरत. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. रोजगार हमीची कामे, श्रमदान, समतल चर, बंधारे यांबरोबर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. शेतीला बोअरचे पाणी आणि उसासारखी तहानलेली पिके नकोत, असेही ठरवले. १९९५ च्या पाहणीत १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८ मध्ये ती ५३ वर आली. दिवसाला दीडशे लिटरच्या घरात असलेले दूध काही वर्षांत चार हजार लिटरपर्यंत पोहोचले. गेलेली कुटुंबे परतू लागली. हात तेच होते, त्यांना बारमाही काम मिळाले.

यात बायकांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला जाणारी, सरपण आणि वैरण गोळा करणारी बाई दिवसभर राबते. सरकारी पाहणीत मात्र तिची नोंद घरकामात होते आणि ती श्रमशक्तीबाहेर राहते. तीच बाई घरच्या गाईंची देखभाल करून डेअरीला दूध घालू लागली की श्रमशक्तीत मोजली जाते. देशात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी आहे. पण तिच्यात घरच्या शेतीत आणि धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बायकाही आहेत. तेव्हा दर वाढला म्हणजे बाईच्या हाती पैसा आलाच, असे समजू नये.

भारतात तरुणांची संख्या मोठी आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. पण नुसते वय कमाई करत नाही. त्या हातांना काम लागते, आणि कोरडवाहू मुलखात ते काम पाण्यापासून सुरू होते.

हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, पिण्याला किती ठेवायचे, कोणते पीक परवडेल, हे सगळ्यांसमोर ठरते. तसाच कामाचाही ताळेबंद आपापल्या गावात मांडता येईल. कामाच्या वयाची माणसे किती, त्यांतली गावात किती, बाहेर किती? वर्षातून किती दिवस काम मिळाले आणि त्याचा पैसा कुणाच्या हातात पडला? एवढे प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारून पाहा.