मुलाखतीआधीची गोळी

लयीत बोलण्याच्या तंत्राबद्दल आज लिहिणार होतो, पण ते पुढे ढकलतो. सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. लहानपणापासून तो बोलताना अडखळतो, सध्या नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, आणि हल्ली नुसता फोन वाजला तरी छातीत धडधडतं. धडधडीमुळे बोलणं आणखी अडतं. मित्राने प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या आणून दिल्यात. मुलाखतीआधी घेऊ का, असं विचारतो.

मित्राच्या हातून मुळीच नको. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हृदयविकारासाठी शोधलेलं हे औषध अॅड्रेनलिनचा जोर रोखतं, म्हणून धडधड आणि हातांची थरथर कमी होते. कार्यक्रमाआधी ते घेणारे वादकही आहेत. पण दमा असेल तर तेच औषध श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकतं. शिवाय धडधड थांबली म्हणजे जीभ सुटली, असं नाही.

अडखळण्यावर हमखास औषध अजून नाही. हॅलोपेरिडॉलने थोडा फरक पडायचा, पण दुष्परिणामांना कंटाळून लोक ते सोडून देत. तरी आपण सुखी म्हणायचे. १८४१ साली बर्लिनचा शल्यविशारद डिफेनबाख अडखळणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी काप घेत असे, आणि भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती! त्यापेक्षा आपल्या आज्यांचं उगाळलेलं वेखंड बरं म्हणायचं.

भीतीवर मात्र उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. अडखळणं भीतीतून जन्मत नाही, पण वर्षानुवर्षांच्या हशातून भीती जन्मते आणि मग ती स्वतंत्र आजार होऊन बसते. विचारांची आणि वागण्याची सवय बदलणारी थेरपी तिच्यावर चालते. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ रोजच्या गोळ्याही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. ऑस्ट्रेलियातला २००८ सालचा एक अभ्यास मला फार आवडतो. वाचा-उपचारांना या थेरपीची जोड दिलेल्यांची भीती ओसरली, ते टाळलेल्या ठिकाणी जाऊ लागले. अडखळणं मात्र जोड न मिळालेल्यांइतकंच राहिलं. मी याला यशच म्हणतो.

खरी अडचण डॉक्टरांसमोर येते. मुरलेला अडखळणारा अवघड शब्द दिसताच बाजूचा शब्द पकडतो. दहा मिनिटं सरळ बोलतो आणि ऐकून घेतो, 'अहो, तुम्ही तर छान बोलता!' केसपेपरच्या खिडकीपाशी मात्र त्याची दांडी उडालेली असते, कारण स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणून कागदावर लिहून न्या. किती अडखळता यापेक्षा काय टाळता ते लिहा: हॉटेलात हवं ते न मागता सोपं नाव मागवणं, रिक्षाऐवजी चालत जाणं, बढती नाकारणं. झोप कशी आहे, धीर यावा म्हणून दारू घेता का, हेही लिहा. लाजू नका. आणि दमा असेल तर तो सर्वांत वर.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. वाचा-उपचारांसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, पण फोनचीच धास्ती असलेल्याला फोन लावायला सांगणं मलाच विचित्र वाटतं. तेव्हा पहिलं वाक्य घरातल्या कुणीतरी बोलावं, 'हा थांबत थांबत बोलेल, मध्ये वाक्य पुरं करू नका' एवढं सांगावं, आणि फोन त्याच्या हातात द्यावा.