परवडत नाही म्हणून लिहिलेले टेलिफोन एक्स्चेंज

१९९९ साली अमेरिकेतल्या अलाबामात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्यांसाठी मदत-सेवा सुरू केली. ग्राहकांचे फोन घ्यायला एक्स्चेंज हवे होते, पण किंमत परवडेना. मग त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंज स्वतःच लिहून काढले आणि सर्वांसाठी मोफत खुले केले. तेच अ‍ॅस्टरिस्क!

यात आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते इंटरनेटवरून जातात. एका कॉलला प्रत्येक दिशेने १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. शाखा-शाखांमधले बोलणे नेटच्याच खर्चात होते. खरा फायदा मात्र बिलापलीकडचा: एक्स्टेन्शन टेबलाचे न राहता माणसाचे होते. कर्मचारी घरी असो वा परगावी, लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर त्याच नंबरची रिंग वाजते. ‘विक्रीसाठी १ दाबा’ हा मेनू, रेकॉर्डिंग, कॉलची रांग या एकेकाळी बड्या कंपन्यांच्याच सोयी. आज त्या चार माणसांच्या ऑफिसलाही मिळतात, आणि हे फार मोलाचे आहे.

मात्र वीज किंवा नेट गेले की फोनही बंद पडतो. म्हणून राउटरला यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचे राखीव कनेक्शन आधी घ्या, मगच जुनी लाइन सोडा.