नाव दुकानाचे, लोखंड कोणाचे?

पेन्सिल्व्हेनियात नोव्हेंबर सरत आला, की हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या सुमारास खेड्यापाड्यांतल्या शाळांना सुट्टी देण्याचा प्रघात तेथे जुना आहे, आणि घरोघरी तळघरांतल्या कपाटांतून वडिलांच्या, सासऱ्यांच्या, क्वचित आजोबांच्याही रायफली बाहेर निघतात. त्या मुलखात निम्मे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या यांत्रिकी अभियंत्याला शिकारीचा नव्हे, पण लोखंडाचा शौक असल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक झाल्यामुळे, अशी एखादी रायफल टेबलावर काढून ते मला बोलावतात. आणि ती पुढे करताना, जणू पाहुण्यापुढे कान तुटलेल्या कपात चहा ठेवावा तशा ओशाळ्या स्वरात एक वाक्य हटकून उच्चारतात : ‘विशेष काही नाही, सीअर्सची आहे.’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते ऐकताच माझ्यातला शिक्षक क्षणभर जागा होतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याला बाजूला सारून भांडखोर माणूस पुढे सरसावतो. कारण या पाच शब्दांच्या पोटात एक समग्र सिद्धांत दडलेला असतो : ज्या बंदुकीवर कारखान्याऐवजी दुकानाचे नाव, ती हलकी, दुय्यम, गरिबाने नाइलाजाने घेतलेली. हा सिद्धांत निराधार आहे, एवढेच नव्हे तर पुष्कळ बाबतींत वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

आधी दुकान म्हणजे काय ते पाहू. शिकागोची माँटगोमेरी वॉर्ड ही पेढी १८७२ मध्ये आणि सीअर्स-रोबक ही १८९३ मध्ये सुरू झाली. दोघींनी टपालाने जाणाऱ्या जाडजूड सूचिपत्रांच्या बळावर अमेरिकेतील शेतकऱ्याच्या दारापर्यंत बाजार नेला. शिवणयंत्र, नांगर, कपडे, औषधे यांच्याच पंक्तीला बंदुकाही त्या पानांत असत. सीअर्सने तर काही दशके अख्ख्या घराचे सुटे लाकूडसामान मालगाडीने पाठवून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी कनेक्टिकटमधील मेरिडन येथील एक बंदूक-कारखानाही सीअर्सच्या मालकीचा होता; पण ज्या रायफली आज वारसांच्या हाती येतात त्या बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, आणि त्या काळी या पेढ्यांचा रिवाज असा, की प्रसिद्ध कारखान्यांना ठेका देऊन माल करवून घ्यायचा आणि त्यावर आपण ठरवलेले नाव कोरायचे. सीअर्सने ‘जे. सी. हिगिन्स’ आणि पुढे ‘टेड विल्यम्स’ ही नावे घातली. वॉर्डने ‘वेस्टर्न फील्ड’, आणि वेस्टर्न ऑटो या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानसाखळीने ‘रेव्हेलेशन’.

आता हा ठेका जात होता कोणाकडे? कनेक्टिकटमधील न्यू हेवन या एका शहरात विंचेस्टर, मार्लिन आणि मॉसबर्ग हे तिन्ही कारखाने नांदत होते. त्याला लागूनच असलेल्या हॅम्डन गावी हाय स्टँडर्डचा कारखाना होता. आणि सॅव्हेज व स्टीव्हन्स शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये. सकाळी ज्या यंत्रावर मार्लिनच्या नावाची रायफल उतरली त्याच यंत्रावर, त्याच कारागिराच्या हातून दुपारी हिगिन्सची उतरायची. बदलायचा तो केवळ ठसा. हिगिन्सचे ४५ क्रमांकाचे मॉडेल म्हणजे मार्लिनचे ३३६, टेड विल्यम्सचे १०० म्हणजे विंचेस्टरचे सुप्रसिद्ध ९४. एकाच आईच्या दोन लेकी, एक माहेरच्या नावाने राहिली आणि दुसरीचे नाव सासरी बदलले. म्हणून दुसरीचे कूळ हलके ठरवणाऱ्याला काय म्हणावे?

परंतु तात्त्विक वादापेक्षा प्रत्यक्ष वस्तू बरी. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतील एका वृद्ध गृहस्थांनी सासऱ्यांची रायफल, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, अशीच माझ्यापुढे ठेवली. नळीवर सीअर्सचे नाव, जे. सी. हिगिन्स हा शिक्का, मॉडेल ५०, आणि काडतुसाचा प्रकार .३०-०६, म्हणजे १९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले ते प्रख्यात काडतूस. दस्ता अक्रोडाचा, अंगावर पन्नास हिवाळ्यांचे ओरखडे. रिकामी असल्याची खात्री करून घेऊन मी बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढला, आणि नाव वाचण्याचे काम तेथेच संपले. पुढचे सारे लोखंड सांगू लागले.

बोल्टच्या उजव्या अंगाला, पेन्सिलीला कागदाची पट्टी बांधावी तशी, एक लांब पोलादी जीभ गळपट्टीने बसवलेली होती. काडतूस पेटीतून वर येताच त्याची कड या जिभेच्या आकड्याखाली सरकते आणि रिकामे होऊन बाहेर फेकले जाईपर्यंत ते तिच्या पकडीतून सुटत नाही. घाईत, रायफल तिरपी धरली किंवा उलटी धरली तरी. पुढच्या टोकाला नळीशी कुलूप घालणारे दोन जाड दात, आणि ते दगा देतील या भीतीने मागे राखीव ठेवलेला तिसरा दात. ही जर्मनीतील माउझर कारखान्याची १८९८ सालची रचना. जगातल्या अनेक लष्करांनी जिच्यावर भिस्त ठेवली ती. मग कवाडाच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या, कडेला भिंग लावून पाहिले, तो लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही अक्षरे आणि त्यांच्या माथ्यावर मुकुट : बेल्जियममधील लिएज येथील सरकारी परीक्षागृहाचा ठसा. म्हणजे हे कवाड आणि हा बोल्ट लिएजलगतच्या हर्स्टल गावी, १८८९ मध्ये स्थापन झालेल्या एफएन या कारखान्यात घडलेले होते. ज्या कारखान्याने पुढे ब्राउनिंगच्या नावाने उंची शिकारी रायफली याच जातीच्या कवाडावर बांधल्या आणि ज्यांच्यापुढे हेच ओशाळणारे लोक आदराने टोपी काढतात.

नळी मात्र बेल्जियमची नव्हे. ती हाय स्टँडर्डची, आणि तिच्या आतून क्रोमियमचा कठीण मुलामा. त्या दिवसांत लष्कराची उरलीसुरली .३०-०६ काडतुसे स्वस्तात मिळत, त्यांच्या टोपीतील क्षार नळीत उरत, आणि ओल लागली की चार दिवसांत पोलाद खात. रात्री थकून आलेला शेतकरी बंदूक साफ करायला विसरणार, हे जणू गृहीत धरून हा मुलामा दिलेला होता. अनेक नामांकित रायफलींना त्या काळी ही चैन नव्हती. हा हलका माल!

मग ती स्वस्त का होती, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे, लोखंडात नाही. लाखांनी खरीद करणारे गिऱ्हाईक दर पाडून मागते. मधले अडते गळतात. कारखान्याला जाहिरातीचा खर्च पडत नाही, आणि मंद हंगामात यंत्रे रिकामी बसण्यापेक्षा कमी नफ्याचा ठेकाही त्याला परवडतो. बचत जेथे केली जाई तेथेही ती बहुधा दिसण्यात असे : दस्त्यावर हाताने कोरलेली जाळी नाही, अक्रोडाऐवजी कधी बर्च, चकाकी थोडी कमी. प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे, की काही नग खरोखरच सामान्य आहेत. विंचेस्टरने १९६४ मध्ये आपल्या घडणीत काटकसर केली, तेव्हा ती टेड विल्यम्सच्या वाट्यालाही आली. पण तो दोष कारखान्याचा, आणि तो विंचेस्टरच्या स्वतःच्या नावाखालीही तितकाच सापडतो.

अशा रायफलींची कुळकथा शोधण्याचा मार्ग अवघड नाही. सीअर्सच्या बहुतेक बंदुकांवर मॉडेलबरोबर एक लांब क्रमांक असतो आणि त्यातील टिंबापूर्वीचे तीन आकडे कारखाना सांगतात : ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड, १०३ म्हणजे मार्लिन, २७३ म्हणजे विंचेस्टर. इतर दुकानांच्या नावांसाठी मूळ मॉडेलांशी मेळ घालणारे तक्ते छापलेले आहेत. ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ या दरग्रंथात ते मिळतात, आणि सुट्या भागांचा व्यापार करणारी न्यूयॉर्क राज्यातील न्यूमरिक ही पेढीही ते देते. ज्याला शंका असेल त्याने माझ्यावर विश्वास ठेवू नये, तक्ता उघडावा आणि मग बोल्ट.

या रागाचे मूळ, खरे म्हणजे, अमेरिकेत नाही. ते माझ्या बालपणात आहे. आमच्या गावच्या जहागीरदारांच्या वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक दुनळी टांगलेली असे, आणि तिची ओळख करून देताना कारभारी छाती फुगवून सांगत, ‘आर्मी अँड नेव्हीची आहे, बाळासाहेब, साधीसुधी नव्हे.’ मुंबईत काळ्या घोड्याजवळ त्या दुकानाची भव्य इमारत आजही उभी आहे. पण आर्मी अँड नेव्ही हे काय होते? १८७१ मध्ये लंडनला अधिकाऱ्यांनी काढलेले सहकारी भांडार, ज्याची मुंबईची शाखा १८९१ मध्ये उघडली. बिस्किटांपासून खोगिरापर्यंत सारे विकणारे, आणि बर्मिंगहॅमच्या वेब्लीसारख्या कारखान्यांकडून बंदुका घेऊन त्यांवर आपले नाव कोरणारे. म्हणजे प्रकार तोच, शब्दशः तोच. फरक इतकाच, की एका दुकानात साहेब जात असे आणि दुसऱ्याचे सूचिपत्र शेतकरी चाळत असे. बंदुकीचा दर्जा आपण लोखंडावरून नव्हे, गिऱ्हाइकाच्या जातकुळीवरून ठरवतो, ही गोष्ट आपल्याला तरी नव्याने शिकवावी लागू नये.

उरलेल्या गैरसमजांसाठी एकेक ओळ पुरे.

‘हिगिन्स हा थोर बंदूककार होता.’ जॉन हिगिन्स हा १८९८ पासून सीअर्सच्या दप्तरात काम करणारा, हिशेबनिसांवरचा अधिकारी. १९०८ मध्ये क्रीडासाहित्याला नाव हवे होते, त्याचे घेतले, आणि मधले आद्याक्षर नसल्यामुळे ‘सी’ पदरचा जोडला. हे सीअर्सच्याच अभिलेखांत नमूद आहे.

‘टेड विल्यम्सची सही आहे, म्हणजे ती त्याने वापरलेली.’ हा बोस्टनचा विख्यात बेसबॉलपटू १९६० मध्ये निवृत्त झाला आणि त्याने सीअर्सशी करार केला. तो शिकारी आणि मासेमारीचा दर्दी होता हे खरे, पण नाव हजारो नगांवर आहे.

‘एक नाव म्हणजे एक कारखाना.’ हिगिन्सच्याच ५१ क्रमांकाच्या मॉडेलात आधी बेल्जियमचे कवाड होते, नंतर स्वीडनमधील हुस्कवार्नाचे.

‘अनुक्रमांक नाही, म्हणजे चोरीची.’ प्रत्येक बंदुकीला क्रमांक सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने, त्यापूर्वीच्या .२२ रायफली आणि छऱ्याच्या बंदुका पुष्कळदा कारखान्यातूनच बिनक्रमांकाच्या निघत. त्याच कायद्याने सामान्य गिऱ्हाइकाला टपालाने बंदूक मिळणेही बंद झाले.

‘घासून, नवा रंग चढवून किंमत वाढते.’ घटते. मूळ निळसर झाक एकदा उतरली की ती इतिहासासकट उतरते. तेलाचे बोट फिरवा आणि थांबा.

‘जुनी आहे, म्हणजे ॲंटिक, परवाना कशाला?’ अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ॲंटिकची रेषा १८९८ वर आहे, ही रायफल तिच्या अर्ध्या शतकानंतरची. भारतात तर ती चालू स्थितीत बाळगायला परवाना लागतोच, आणि शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवलेला आहे.

‘पूर्वीचा माल मजबूत, थेट वापरावी.’ आधी जाणत्या बंदूककाराकडून कवाड आणि नळी तपासून घ्यावी, आणि नळीवर कोरलेले काडतूस सोडून दुसरे कोणतेही घालू नये. हा एकच मुद्दा असा आहे, की जेथे मी विनोद करीत नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना मी हे सारे, भिंग हातात देऊन, दीड तास समजावले. त्यांनी ‘ईएलजी’ स्वतः शोधून काढले, मुकुटावरून बोट फिरवले आणि पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग टॉवेल घडी करून बाजूला ठेवला आणि रायफल एका मऊ कापडात गुंडाळली. मला वाटले, एक तरी माणूस सुधारला. या नोव्हेंबरात मी सहज त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कोणी पाहुणा आलेला होता आणि ते त्याला तीच रायफल दाखवत होते. ओशाळेपणा पार गेला होता. स्वरात आमच्या कारभाऱ्याचाच ताठा होता. ‘सीअर्सची नाही बरं का,’ ते सांगत होते, ‘बेल्जियमची आहे.’

आणि नळी?